राहून गेलेला रविवार

फोन आला तेव्हा मी वाल सोलत बसले होते. रोह्याहून ताईंच्या शेजारणीचा फोन. "वहिनी, ताई दार उघडत नाय हो. दूधवाला दोनदा येऊन गेला..." मी म्हटलं, "झोपल्या असतील, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं." बोलताना मला पक्कं माहीत होतं की पहाटे उठून प्रार्थनेला बसणारी ही बाई आयुष्यात कधी दूधवाल्यानंतर उठलेली नाही. हातातले वाल तसेच पाण्यात टाकले आणि निघाले. पेणहून रोहा म्हणजे काही परदेश नव्हे, पण त्या दिवशी वडखळचा नाका सुटता सुटेना, आणि नागोठण्याला एसटी थांबली ती थांबलीच. मागच्या सीटवर दोघं जण कोण किती मतांनी येणार यावर वाद घालत होते. मतदान होऊन गेलं होतं, निकाल लागायचा होता, आणि सगळ्या जिल्ह्याला दुसरा विषय नव्हता. वळून सांगावंसं वाटत होतं, गप्प बसा रे, माझी नणंद गेली. पण ती गेली असं अजून मला तरी कुणी सांगितलं होतं... रोह्याला पोचले तेव्हा दार तोडून झालं होतं.

करुणाताई माझी थोरली नणंद. आमची दोन्ही घरं नगरकडची, पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. नोकऱ्यांनी आम्हाला कोकणात आणून टाकलं. आमचे हे नागोठण्याजवळ एका कंपनीत शिफ्टला, आणि ताई रोह्याच्या दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं, तर म्हणाल्या, "विचारायला कुणी आलं असेल तेव्हा माझी ड्युटी असेल." तालुक्यातली कितीतरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. ती पोरं मोठी होऊन बाजारात भेटली की ताई आधी त्यांची नखं बघायच्या आणि मग ख्यालीखुशाली विचारायच्या. हे गेल्यापासून आम्ही दोघी उरलो. दर रविवारी त्या सकाळच्या एसटीने पेणला यायच्या, उपासनेला बसायच्या, माझ्याकडे जेवायच्या, माझ्या आमटीला नावं ठेवायच्या आणि डब्यात तीच आमटी भरून घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. कोकणात राहून त्यांची भाषाही बदलली होती. "काय गो सुमन," म्हणत दारात उभ्या राहिल्या की मला घर भरल्यासारखं वाटायचं.

आमची मंडळी लहान, पंधरावीस माणसं. पाळक महिन्यातून एकदा पनवेलहून येतात, बाकीचे रविवार आमचे आम्हीच चालवतो. पेणमध्ये आम्हाला चर्च नाही. आमची उपासना गणपतीच्या कारखान्यात व्हायची. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, आम्हाला कधी वाटली नाही. कारखान्याच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा ताई रोह्याच्या दवाखान्यात रात्रपाळीला होत्या, त्या ओळखीवर नानांनी रविवारची सुट्टी असलेली शेड आम्हाला दिली. भाडं घ्यायला तयार नव्हते, ताईंनी घ्यायला लावलं. एका बाजूला प्लास्टिकखाली झाकलेल्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला आमच्या सतरंज्या. मातीचा आणि रंगाचा वास कपड्यांना लागून घरी यायचा.

तिथे मध्यस्थीची प्रार्थना ताई करायच्या. म्हणजे आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, आणि राज्य चालवणाऱ्यांसाठी जी करतात ती. बाकी ठिकाणी "आमच्या राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे" एवढ्यावर भागतं. ताईंना ते चालत नसे. पेशंटला आपण "ओ आजारी" अशी हाक मारतो का, असं त्या विचारायच्या. निवडणूक आली की त्या उमेदवारांची नावं घेऊन प्रार्थना करायच्या. तीही एका रविवारी एकाचीच. सगळ्यांना एका वाक्यात कोंबलं तर ती शाळेतली हजेरी होते, माणसाला पोटभर प्रार्थना मिळाली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. या वेळी आमच्याकडे खरी लढत दोघांतच होती. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, पहिला आणि दुसरा एवढंच म्हणते. जो आधी पेणला मतं मागायला आला त्याचा रविवार आधी.

आमचे सॅमसनभाऊ, मंडळीचे पंच, त्यांना हे कधीच पसंत नव्हतं. स्वभावाने भित्रा माणूस, पण वाईट नाही. त्यांचं म्हणणं, आपण मूठभर लोक, आपण देवाचं नाव घ्यावं आणि गप घरी जावं. ताई म्हणायच्या, "मत द्यायला जाता ना? मग ज्याला मत द्यायचं आणि ज्याला नाही द्यायचं, दोघांसाठी हात जोडायला काय होतं?" त्या स्वतः कुणाला मत द्यायच्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी खूप खोदून बघितलं.

तर पहिल्याचा रविवार. उन्हाने शेडचे पत्रे तापलेले, म्हणून रस्त्याकडचं दार उघडं. ताई उभ्या राहिल्या, त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि सुरू झाल्या. "देवा, ह्या माणसाला दिल्लीला जायचंय. जावा की नको ते तू आणि लोक बघा. उन्हातान्हात फिरतोय, ह्याला बळ दे. गेलाच तर धरमतरच्या बाजूला बांध फुटून भातात खारं पाणी शिरतं ते ह्याला दिसत राहू दे. साप चावलेला माणूस एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेता नेता गाडीत जातो, ते ह्याच्या कानावर पडू दे. खोटं बोलायची वेळ आली तर ह्याची जीभ जड कर. ह्याची बायकापोरं सुखात ठेव, हल्ली त्यांना हा घरी दिसत नसेल." आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या शेजारची बाई हसू दाबत होती.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा मेल्याने ते मोबाईलवर घेतलं. त्यातलं नाव ठेवलं, "ह्याला बळ दे" ठेवलं, आमचं आमेन ठेवलं आणि बाकी कापलं. दोन दिवसांत ती क्लिप पेणभर फिरली. गणपतीच्या कारखान्यात ख्रिश्चन लोक पहिल्याचा प्रचार करतात, असं खाली लिहिलेलं. दुसऱ्याच्या माणसांनी तक्रार केली. आचारसंहिता, धर्माच्या नावाने प्रचार, काय काय. ताईंना जबाब द्यायला पेणला बोलावलं. मी बरोबर होते. चौकशी करणारे साहेब सभ्य होते, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि ते तिथेच मिटलं. पण बाहेर दुसऱ्याची चारपाच माणसं उभी होती. ताई सरळ त्यांच्यापाशी गेल्या. "येत्या रविवारी या," म्हणाल्या, "तुमच्या साहेबांचा रविवार आहे. तेव्हा पण रेकॉर्ड करा. फक्त पूर्ण करा." त्यातला एक हसला. म्हणाला, "आमच्या सायबांना तुमच्या प्रार्थनेची गरज नाय." ताई म्हणाल्या, "त्यांना विचारून सांग." तो पुन्हा हसला. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तो रविवार आलाच नाही. शुक्रवारी नाना माझ्या घरी आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "वहिनी, गणपती मंडळांची मानसं फोन करतायत. म्हनतात, तुमच्याकडची मूर्ती नको. माझ्याकडं कामाला हायत त्यांचं पोट हाय ना ह्याच्यावर... ताईला मी कसा सांगू? तुमी सांगा." मान वर करून त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग आला नाही, आणि ते जास्त त्रासाचं होतं. आमच्या सतरंज्या त्यांनी स्वतः झटकून, घड्या घालून टेम्पोने पाठवल्या.

मग आम्ही सॅमसनभाऊंच्या फ्लॅटमध्ये जमायला लागलो. दाटीवाटीने, खिडक्या लावून, गाणीसुद्धा हळू आवाजात. पहिल्याच रविवारी, ताई चप्पल काढत असतानाच, सॅमसनभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, तुमच्या तोंडामुळे आमची जागा गेली. आता माझ्या घरात ती प्रार्थना नको." मी बोलायला उठले तर ताईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्या दिवशी मध्यस्थीची प्रार्थना सॅमसनभाऊंनी केली. आजारी झाले, परीक्षा झाल्या, आणि आमेन. ताईंनीही आमेन म्हटलं. माझ्याकडे जेवल्या, पण आमटीला नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एसटीची वाट बघत बाकावर बसलो होतो. म्हणाल्या, "त्याचं राहिलं गो सुमन."

मला आधी कळलंच नाही. मग भडकलेच. "त्याचं? ताई, त्याच्या माणसांनी आपल्याला रस्त्यावर आणलं. आणि करायचीच असेल तर घरी करा की."

"घरी केली. रोज करते. पण चार माणसांनी आमेन म्हटल्याशिवाय ती माझी एकटीची राहते. पहिल्याला मंडळीची मिळाली, त्याला माझी एकटीची. मग ते लोक म्हणतात ते खरंच झालं ना... आपण एकाच्याच बाजूचे."

मी म्हटलं, तुम्हाला राग कसा येत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना ओळखतच नाही. "येतो ना," म्हणाल्या. "राग आला की मी प्रार्थना परत सुरुवातीपासून करते." मग गाडी लागली. खिडकीची जागा मिळवायला त्या माझ्या आधी धावल्या.

मतदानाच्या दिवशी त्यांचा फोन आला, "दिलंस का मत?" मी हो म्हटलं. "कुणाला ते विचारत नाही," म्हणाल्या आणि ठेवला. त्यानंतर त्या एकदाच पेणला आल्या, तो रविवारही तसाच गेला. सॅमसनभाऊ परीक्षांवर थांबले, ताईंनी डोळे मिटून वाट बघितली, आणि मग सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. पुढच्या रविवाराआधी शेजारणीचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. कॉटच्या कडेला त्या गुडघ्यांवर होत्या, डोकं गादीवर टेकलेलं. झोपेत म्हणे...

त्यांना आम्ही दफनभूमीत ह्यांच्या शेजारी ठेवलं. नाना आले होते, फाटकाबाहेर उभे राहिले, मी हात धरून आत आणलं तेव्हा आले. सॅमसनभाऊ मूठभर माती टाकून वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. मी त्यांना धीर दिला नाही. द्यावासा वाटला नाही.

मग निकाल लागला. दुसरा निवडून आला. गुलालाने रस्ता लाल झाला होता, आणि मी बाजारात गेले नाही. त्या रविवारी उपासनेच्या आधी सॅमसनभाऊ माझ्यापाशी आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "वहिनी, मध्यस्थीची प्रार्थना आजपासून तुम्ही करा. ताई करायच्या तशी. नाव घेऊन. मी खिडक्या उघडतो." आणि खरंच त्यांनी एकेक खिडकी उघडली. त्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते मला त्याच्या हातांवरून दिसत होतं.

मी उभी राहिले. आजारी घेतले, परीक्षेची पोरं घेतली, नानांच्या कारखान्यासाठी मागितलं, ताईंसाठी उपकार मानले. ताईंचं राहून गेलेलं म्हणून घरी चुलीपाशी मी त्या दुसऱ्याचं नाव कितीदा तरी घेऊन बघितलं होतं, नीट येत होतं. आता तर तो नुसता उमेदवार नाही, आपला खासदार आहे. खारं पाणी, सापाचं औषध, सगळं आता त्याच्याच हातात. "आणि देवा, आमचा खासदार..." इथपर्यंत मी आले. मग तो हसणारा माणूस दिसला, नानांची खाली गेलेली मान दिसली, आणि गादीवर टेकलेलं ते डोकं. माझ्या तोंडून नाव निघेना. मला राग आहे. तो मी देवापासून लपवत नाही, तर तुमच्यापासून कशाला लपवू. ताईंसारखी परत सुरुवातीपासून प्रार्थना सुरू केली. आजारी, परीक्षेची पोरं, कारखाना... आणि परत तिथेच येऊन थांबले.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले आहेत. मी "आमचा खासदार" म्हणते आणि थांबते. कुणी खोकत नाही, कुणी डोळे उघडत नाही, सॅमसनभाऊसुद्धा नाहीत. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत असतो, आणि ती सगळी माणसं तोंडात आमेन धरून माझ्यासाठी थांबलेली असतात.