न वाजवलेल्या टाळ्या

"जनरलकडे काय बघताय? तो कुठे पळून जात नाही. मागच्या रांगेत बघा." पडद्यावर पेन्सिल टेकवून बाई हे मला रोज ऐकवत.

जर्मनीतल्या बाडेनमधल्या एका फिल्म-संग्रहात मी आणि या जर्मन सहकारी बाई शेजारी बसायचो. काम जुन्या अमेरिकन वार्तापटांच्या नोंदी करण्याचं. तुम्हीही असे वार्तापट पाहिले असतील: पुलाचं उद्घाटन करणारा गव्हर्नर, बोटीवरून हात हलवणारा अ‍ॅडमिरल, उघड्या मोटारीतला जनरल. खांद्यावरचे तारे बघून हुद्दा ओळखणं माझ्याकडे. बाईंना सगळे लष्करी लोक सारखेच दिसत. एकदा त्यांनी बँडमास्तरला सेनापती करून टाकलं. चूक दाखवली तर म्हणाल्या, "रुबाब तर त्याचाच जास्त आहे." घरी बायको मला विचारायची, "काय हो, आज तुमच्या बाईंनी कोणाला बढती दिली?"

त्या काळी वार्तापट बहुतेक मुकेच चित्रित होत. टाळ्या, जयजयकार नंतर स्टुडिओत जोडत. आम्हाला हे ठाऊक होतं, पण नोंदीत कुणी लिहीत नसे. एकदा पुलाच्या उद्घाटनातल्या टाळ्यांमध्ये कुणीतरी जोरात खोकलं. काही दिवसांनी तोच माणूस, त्याच टाळ्यांत, अ‍ॅडमिरलच्या बोटीपाशी खोकला. बाई म्हणाल्या, "बरं का, एवढा प्रवास करतो, कुणीतरी औषध द्या त्याला."

मग तो एका जर्मन गावात खोकला. गाव बाईंचं होतं. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

चित्रात दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. अमेरिकन जनरलची मोटार जाते आहे, कडेला पडक्या घरांच्या विटा उचलायला आलेल्या बायका उभ्या. त्यांत बाईंची आई. मोटारीआडून फक्त चेहरे दिसतात. हात दिसत नाहीत, टाळ्या ऐकू येतात. हा वार्तापट गावच्या थिएटरात लागला तेव्हा बाईंचा थोरला भाऊ अमेरिकनांच्या कैदेत होता. पोरगा कैदेत आणि आई टाळ्या पिटते, असं गाव म्हणू लागलं आणि म्हणतच राहिलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, असं आई मरेपर्यंत सांगत होती.

"मीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवला नाही, जोशीसाहेब," बाई म्हणाल्या. "आता एवढंच लिहा, की टाळ्या तिथल्या नाहीत."

नोंदीत 'नागरिकांकडून उत्स्फूर्त स्वागत' असं होतं आणि नोंदींवर शेवटची सही माझी असे. रीळ एका टीव्ही कार्यक्रमासाठी निघालं होतं. शिवाय एका रिळाचा आवाज खोटा म्हटला, की सगळीच पुन्हा ऐकणं आलं. मी म्हटलं, कार्यक्रम होऊ द्या, मग बघू. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. त्या निवृत्त झाल्या. मागोमाग मीही झालो.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दफनाला गेलो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्याने मला माहिती पुरवली, "टाळ्यावालीची मुलगी ही."

त्यानंतरच्या सोमवारी मी संग्रहात गेलो. आताचा प्रमुख माझ्या मुलाच्या वयाचा. इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडतो, असं तो नम्रपणे म्हणाला. मी म्हटलं, तिन्ही रिळं लावा. खोकला ऐकून तो आधी हसला. मग त्याने तिन्ही पुन्हा लावली आणि खुर्ची पुढे ओढली.

आता नोंदीत 'उत्स्फूर्त' नाही. 'टाळ्यांचा आवाज नंतर जोडलेला' असं आहे. माहिती देणारा म्हणून माझं नाव घातलं होतं. ते काढून बाईंचं घाला, असं सांगायला परत गेलो. मृत व्यक्तीचं नाव घालायची पद्धत नाही, असं कळलं. मग आणखी एकदा गेलो. आता बाईंचं नाव आहे.

राहिला तो म्हातारा. रविवारी बसने त्याच्याकडे जाणार आहे. त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने सांगावं लागेल. शेजारपाजारच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.