झेरॉक्सचा गरम वास

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण हातात आलं आणि झेरॉक्सच्या गरम वासानं मला पाथर्डीच्या आमच्या अंगणात नेलं.

तेव्हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातल्या एका वाक्यापुढे सरांनी लाल शाईनं 'संदर्भ?' लिहिलं होतं. झेरॉक्स केलेले शोधनिबंध पसरून मी वैतागून तोच धुंडाळत होते. सगळे एकमेकांचेच दाखले देत होते.

कोयत्याला धार लावता लावता आईनं विचारलं, "काय हुडकती?"

"ऊसतोडीला गेलं की पोरांची शाळा सुटते, हे कुणी लिहिलंय का ते."

"आगं, तुझीच न्हवती का सुटली, तिसरीत?"

"तसं चालत न्हाई आई, छापलेलं लागतं."

ती पुन्हा कोयता घासू लागली.

आज विद्यार्थिनीनं तेच वाक्य लिहिलंय. संदर्भ म्हणून कंसात माझं नाव आहे. आईचं कुठंच नाही.