मामंजींचं पडणं

माझे सासरे, आमचे मामंजी, तरुणपणी मूकपटांत विनोदी काम करायचे. काम म्हणजे मुख्यतः पडायचं. शिडीवरून, सायकलवरून, भाजीच्या भरल्या टोपलीत. बोलपट आले आणि त्यांचं तोतरेपण आडवं आलं. पुढची सगळी वर्षं कोल्हापुरात थिएटरच्या दारात तिकिटं फाडण्यात गेली. त्यांचं एकही रीळ उरलं नाही. पोटच्या मुलानेसुद्धा त्यांचं काम पाहिलेलं नव्हतं.

आखाती युद्ध निवल्यावर ते व्हिजिट व्हिसावर आखातात, आमच्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटवर आले, तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. माझी मुलगी मराठीला इंग्रजीतून उत्तर देणारी, पण आजोबांशी तिचं हातवाऱ्यांवर मस्त जमलं. तिनेच इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांचं नाव देऊन टाकलं. मी भडकलेच. या वयात हाड मोडलं तर निस्तरायचं कुणी? नवरा दिवसभर मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपात, म्हणजे मीच! मामंजी एवढंच म्हणाले, "ए-एकदा पाहू दे की पोरीला." झालं, कप्पाळ! दिला होकार.

शुक्रवारी सकाळी हॉल गच्च भरला होता. मी विंगेत उभी. मामंजी खुर्ची घेऊन आले, बसायला गेले, खुर्ची सरकली. पुन्हा बसायला गेले, पुन्हा सरकली. लोक खो-खो हसायला लागले. पहिल्या रांगेत मुलगी टाळ्या पिटत होती. अन् तेवढ्यात ते धाडकन आडवे झाले.

उठेचनात. हॉल चिडीचूप. हात हलेना, पापणी हलेना. पडदा पाडा म्हणून ओरडतच मी स्टेजवर धावले आणि पडदा पडला.

मामंजींनी डोळे उघडले. चांगले ठणठणीत होते. ते माझ्यावर रागावले नाहीत, हेच मला अजून लागतं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "लो-लोक घाबरले की मगच उठायचं असतं. खरं हसू उठण्यात आहे."

पडदा पुन्हा उघडा म्हणून मी हातापाया पडले. मंडळवाले बिथरले होते. खलास, आता नको, म्हणाले. नाचाच्या मुली पुढे आल्या.

महिन्याभरात व्हिसा संपला, मामंजी परत गेले आणि उन्हाळ्यात वारले. मुलगी विचारत राहिली, आजोबा उठणार कसे होते? मला काय माहीत! मीच तर त्यांना उठू दिलं नाही.