मधले अंक

निजामपुऱ्यातले दत्ताकाका जाऊन आता महिना होईल. फोन आला तेव्हा मी लहरीपुऱ्याच्या बाजारात होतो. "दादा, बाबा गेले..." एवढं त्यांच्या मुलीनं सांगितलं; पुढचं गर्दीत ऐकूच आलं नाही.

बडोद्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग त्यांनी आयुष्यभर सांभाळला. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढे त्यांचाच साहेब झालो. परदेशी संशोधनपत्रिकांच्या वर्गण्या तेव्हा परवडेनाशा झाल्या होत्या. आणि हळूहळू काही पत्रिका नेटवर सगळ्यांना मोफत मिळू लागल्या. काका नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. उलट निवृत्तीला आलेला हा माणूस माझ्याशेजारी बसून माउस धरायला शिकला. "अरे, तिकडे हरणी गावातल्या मुलाला घरबसल्या वाचायला मिळतंय, आणखी काय पाहिजे?" म्हणायचे.

मग जागेसाठी जुने बांधीव खंड काढून टाकायची यादी मी केली. काकांनी पुरातत्त्वाच्या एका पत्रिकेवर बोट ठेवलं.

"ही राहू दे. नेटवर आहे, पण मधले अंक नाहीत. मी एकेक उघडून पाहिलंय."

"येतील हो पुढेमागे," मी म्हणालो.

खंड पस्तीवाल्याकडे रद्दीत गेले. टेम्पो वळेपर्यंत काका दारात उभे होते.

ते निवृत्त झाल्यावर संशोधन करणारी एक मुलगी आली. तिला त्या मधल्या अंकांतलाच लेख हवा होता. कुठेच मिळेना, तेव्हा मी तिला काकांकडे पाठवलं. त्यांनी लेखकाच्या घरच्यांचा पत्ता शोधला, पत्रं लिहिली आणि झेरॉक्स मागवून दिली. मला भेटल्यावर फक्त म्हणाले, "झालं हं तिचं काम." माझं चुकलं, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

परवा काकूंना भेटायला गेलो. संगणकाशेजारी एक वही होती. मोफत पत्रिकांची नावं आणि प्रत्येकीपुढे बारीक खुणा. "सकाळचा चहा झाला की हेच. आज उघडतंय का, ते बघायचे," काकू म्हणाल्या. शेवटची खूण होती, तिथून पुढे मी तपासू लागलो. दोन पत्रिका उघडल्या. तिसरी काही केल्या उघडेना. तिच्यापुढे काय लिहायचं, ते काकांना विचारायला मी मान वळवली... शेजारच्या खुर्चीत कोणी नव्हतं.