दाराला काटी होती

घिवली सोडली त्या सकाळी बैलगाडीत बाबा, माझी पत्र्याची ट्रंक आणि मी. बोईसर स्टेशनाच्या वाटेवर मिठागरं लागतात. जून लागला होता. मीठ उचललेलं, मजूर डोंगराकडे परतलेले, आगरांत नुसतं गढूळ पाणी. पलीकडे बांधावर कुणीतरी उभं होतं. गुडघ्यापर्यंत पांढरं. मी बाबांना दाखवलं. त्यांनी मानही वळवली नाही. "कोन नाय तिथं. निघालेल्या मानसानं मागं बगू नये."

मी सरकारी निवासी शाळेत निघालो होतो. अणुवीज केंद्राचं काम सुरू होण्याआधीची ही गोष्ट. तालुक्यातून एकच जागा होती. पालघरच्या आमच्या शाळेतून चाचणीला दोघे बसलो : मामाकडे राहून शिकणारा मी, आणि वसतिगृहातला मासवणचा जान्या. चाचणी चोख झाली. वशिला नाही, पेपर फुटला नाही. यादीत जान्या पहिला, त्याच्याखाली मी. आठ दिवसांत त्याच्या बापाचा अंगठा कागदावर आला नाही, तर जागा माझी.

चाचणी देऊन जान्या घरच्यांबरोबर मजुरीला गेला होता. मला सायकल येत होती, म्हणून गुरुजींनी त्या कागदाचं पाकीट माझ्याच हाती दिलं. मासवणला त्यांच्या झोपडीच्या दारात बोरीची काटी आडवी लावलेली. मजुरीला जाणारी माणसं अशी काटी लावून जातात, आणि ती कुणी ओलांडत नाही. मी पाकीट फटीतून आत सरकवलं आणि गुरुजींना येऊन सांगितलं, "दाराला काटी होती."

यात एक शब्द खोटा नाही. पण आदल्याच रविवारी मी आईबरोबर सुकट विकायला आमच्या गावच्या मिठागरावर गेलो होतो. तिथं जान्या मीठ ओढत होता. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. मला बघून हसला. "काय रं बोंबल्या, तुजं गनित सुटलं का?" मग हळूच म्हणाला, "कागद आला का सांग. आमी इथंच हाय."

नव्या शाळेच्या हजेरीत त्याचं नाव माझ्या आधी तसंच राहिलं होतं. सर पुकारायचे, "जान्या देवजी." आणि माझ्या मागच्या बाकावरून मला रोज ऐकू यायचं, "हाय." तो बाक रिकामा असे. पुढे लाल शाईनं नाव खोडलं. आवाज राहिला.

इंजिनियर झालो, कॅनडात आलो. इथे बर्फ वितळावा म्हणून हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. घरी आलो की बुटांवर पांढरी रेघ. सून म्हणते, "बाबा, शूज मॅटवर काढा." मी पुसतो. वाळले की रेघ पुन्हा उमटते, दर वर्षी थोडी वर सरकल्यासारखी.

गेल्या खेपेला मासवणला गेलो. जान्या राहिला नव्हता. जन्मभर मिठावरच राबला. त्याची म्हातारी बहीण भेटली. मी कोण ते सांगितलं नाही.

"पानी पडायच्या आदी आमी घरी आलो," ती म्हणाली. "कागद घरातच पडला व्हता. पन तो आला नाय आमच्यासंगं. म्हने, कागद इथंच येनार, दोस्ताला सांगून ठेवलंय."

म्हणजे बांधावर कुणीतरी होतं.

तुम्ही गावची माणसं फोनवर विचारता, घराची आठवण येते का. येते. पण आमचं अंगण आठवत नाही, तो बांध आठवतो. तिथं अजून कुणी वाट बघत उभं आहे. घिवलीकरांनो, हा माझा कागद मासवणला नेऊन त्या बहिणीला वाचून दाखवा. जागा जान्याची होती. दाराला काटी असली, तरी हाक मारा.