ई.आय., भिशी आणि भाऊजींची फाइल

उद्या तुमची नोकरी गेली आणि सरकारकडून तुम्हाला हक्काचे पैसे मिळू लागले, तर पुढच्या पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे उघडून सगळे जेवायला बसले असताना, ते तुम्ही मोठ्याने सांगाल का?

घाईने उत्तर देऊ नका. हा प्रश्न मी बऱ्याच मराठी घरांत विचारून पाहिला आहे. लोक हसतात, विषय बदलतात, कुणाला अचानक वरणात मीठ कमी वाटू लागतं. माझ्या ताईने मात्र सांगितलं होतं. इथे कॅनडात, व्हिटबी गावातल्या एका घरात, हातात तिळाची वडी घेऊन, भरल्या दिवाणखान्यात. त्या आधीच्या दोन महिन्यांत ती किती घाबरलेली होती, हे मी जवळून पाहिलं होतं. म्हणून तर हे लिहिते आहे.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, नागपूरची. ती माझ्या आधी कॅनडात आली, तिला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला, आणि मी शिकायला आले तेव्हा स्कारबरोतल्या तिच्या बेसमेंटमधली एक खोली तिने मला दिली. तिचं लग्न नुकतंच झालं होतं. भाऊजी नागपुरात होते. त्यांना इथे बोलावण्यासाठी ताईने स्पॉन्सरशिपचा अर्ज भरला होता आणि आम्ही दोघी त्या अर्जाच्या निर्णयाची वाट पाहत होतो. घरात आम्ही त्याला 'भाऊजींची फाइल' म्हणायचो. फाइल पुढे सरकली का, हा आमच्याकडे 'जेवलीस का' सारखा प्रश्न होता.

हिवाळ्याच्या तोंडावर ताईची नोकरी गेली. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर सगळ्या टीमला बोलावलं आणि टीमच बंद केली. ताईने लॅपटॉप मिटला, वर जाऊन घरमालकांच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढला, खाली आली आणि म्हणाली, "चहा ठेव गं."

आता इथे नोकरी गेली की ई.आय. मिळतो. एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स. प्रत्येक पगारातून त्याचा हप्ता कापलेला असतो. मला वाटलं, ताई त्याच दिवशी अप्लाय करेल. तिने केलं नाही. दुसऱ्या आठवड्यातही नाही. उशीर केला तर हक्काचे आठवडे हातचे जाऊ शकतात, हे तिला ठाऊक होतं, तरीही नाही.

"काऊन नाही करत आहेस?" मी विचारलं.

"भाऊजींची फाइल रिफ्यूज होईल."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

सगळे म्हणजे इथल्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कुणीतरी विचारलं होतं, की बायको किंवा नवऱ्याला स्पॉन्सर करताना सरकारी मदत घेतली तर चालते का. उत्तरांची रांग लागली. 'घेऊ नका', 'आमच्या ओळखीत एकाचं रिजेक्ट झालं', 'सरकारचा एक सेंट खाल्ला तर पीआर विसरा'. शेवटी व्हिटबीच्या काकांनी लिहिलं होतं, 'आम्ही आलो तेव्हा बर्फात उभं राहून काम केलं, पण सरकारपुढे हात पसरला नाही.' त्याखाली हात जोडलेल्या खुणांचा पाऊस पडला होता.

ही चूक आपणच करू शकतो. भीती आणि अभिमान एकाच भांड्यात इतके घोटतो, की कुठली चव कशाची हे कळेनासं होतं. फाइल जाईल ही भीती आणि घेणं कमीपणाचं ही लाज, दोन्हींची मिळून एक सूचना तयार होते: काहीच घेऊ नका.

माझं तर डोकंच फिरलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे बाबा बँकेत कारकून आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्याकडे पाहुण्यांना बसायला जागा करायची म्हणजे आधी सोफ्यावरचे पत्रकांचे गठ्ठे उचलायचे. 'हक्क' हा शब्द मी 'हत्ती'च्या आधी वाचायला शिकले. मी टेबलापाशी उभी राहून भाषण सुरू केलं. कामगाराने स्वतःच्या घामातून भरलेला विमा, त्यावर कामगाराचाच अधिकार, वगैरे.

ताईने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता हे सांग, तुझं पत्रक माझ्या नवऱ्याला विमानात बसवणार आहे का?"

मी खुर्ची ओढून बसले. पण ती तेवढ्यावर थांबली नाही, आणि माझा तिच्याबद्दलचा आदर खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. ती टेस्टर होती. टेस्टरचा धर्म असा, की 'सगळ्यांचं चालतं' आणि 'कुणाचंच चालत नाही' या दोन्ही वाक्यांवर विश्वास ठेवायचा नाही. स्वतः चालवून बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरकारी वेबसाइटवर स्पॉन्सरच्या अटी उघडल्या आणि मला शेजारी बसवलं.

"वाच. काय लिहिलंय?"

"स्पॉन्सर करणारी व्यक्ती सोशल असिस्टन्स घेत असेल तर ती पात्र नाही. अपंगत्वामुळे मिळत असेल तर चालतं."

"सोशल असिस्टन्स म्हणजे?"

"ज्याला लोक वेलफेअर म्हणतात. प्रांताकडून मिळतं. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही, त्याला भाडं-किराण्यासाठी."

"आणि ई.आय. कुठे लिहिलंय?"

मी वर-खाली शोधलं. मनाई केलेल्यांत ई.आय. कुठेच नव्हता.

"नाही लिहिलेलं म्हणजे चालतं, असं नाही," ताई म्हणाली. तिने इमिग्रेशनच्या हेल्पलाइनला फोन लावला. खूप वेळ संगीत ऐकलं. मग एका बाईंना विचारलं, "मी पतीला स्पॉन्सर केलंय, ई.आय. घेतला तर मी अपात्र ठरते का?" उत्तर आलं, नाही, ई.आय. सोशल असिस्टन्समध्ये धरत नाहीत. ताईने आभार मानले, फोन ठेवला आणि पुन्हा लावला. पुन्हा तेच संगीत. या वेळी पुरुषाचा आवाज होता. तिने प्रश्न उलटा करून विचारला, "सोशल असिस्टन्समध्ये काय काय धरतात?" त्याने सांगितलं. त्यात ई.आय. नव्हता.

"दोन वेगळ्या दारांतून आत गेलो आणि एकाच खोलीत पोचलो, तर ती खोली खरी," ताई म्हणाली.

भीती संपली. लाज उरली होती. ती फोनने जात नाही.

ती गेली भिशीमुळे. आमच्या आसपासच्या मराठी बायकांची एक भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने सगळी उचलायची. नोकरी गेल्यावर ताई म्हणाली, या महिन्यापासून मी नाही. ज्यांच्याकडे भिशी जमायची त्या मावशी भडकल्या. "अशी कशी नाही? तुझी चिठ्ठी अजून निघालेली नाही. इतके महिने टाकलेस, उचलशील कधी? आम्ही काय दान मागितलं होतं का तुला?"

परतताना बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत होती. उतरायच्या जरा आधी म्हणाली, "काय गं, भिशी उचलताना कुणाला लाज वाटलेली पाहिलीस तू?"

"कधीच नाही. उलट साडी घेतात."

"मग? माझ्या पगारातून दर वेळी टाकलेच होते ना मी. ओळखही नाही अशा लोकांसोबत. आता माझी चिठ्ठी निघाली."

घरी पोचल्यावर कोटही न काढता तिने ई.आय.चा अर्ज भरला. तो भरण्याची मुदत अजून उलटली नव्हती. मी बाबांची सगळी पत्रकं वाचली आहेत. सामाजिक विमा म्हणजे काय हे इतकं सोपं त्यांतल्या एकाही पत्रकात नव्हतं.

पण खरी परीक्षा पुढे होती. अर्ज मंजूर होऊन पैसे यायला वेळ लागत होता आणि भाड्याची तारीख थांबत नव्हती. वाचनालयात नवागतांसाठी एक मदतीचं टेबल असायचं. तिथल्या मुलीने ताईची अडचण ऐकली आणि मनापासून सुचवलं, तोपर्यंत सोशल असिस्टन्सला अप्लाय करा, मी आत्ता भरून देते. तिला भाऊजींच्या फाइलीबद्दल काही माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "घे की ताई, हक्कच आहे."

"हक्क आहे," ताई म्हणाली, "पण हेच ते. ई.आय.ने काही होत नाही, याने होतं. ही अट अर्ज भरला त्या दिवसापासून निर्णय लागेपर्यंत आहे. मधल्या एका महिन्यासाठी घेतलं तरी मी स्पॉन्सर राहणार नाही." मग त्या मुलीकडे वळून तिने तेच इंग्रजीत, हसत, समजावलं. "आणि हे पुढच्या बाईला अर्ज देण्याआधी विचारत जा," असंही सांगितलं. त्या मुलीने ते लिहून घेतलं.

ताईने एका बेकरीत सकाळचं काम धरलं. ब्रेडचे ट्रे उचलून तिचे हात भाजले, कपड्यांना खमिराचा वास बसला. दर दोन आठवड्यांनी ई.आय.च्या रिपोर्टमध्ये ती बेकरीची कमाई प्रामाणिकपणे भरायची. तेवढ्याने मिळणारे पैसे कमी व्हायचे, तरी भरायची.

मी मात्र धुमसत होते. आजही धुमसते आहे. हा कसला नियम? संसार थाटायला माणूस जवळ हवा, तर आधी गरीब असणं सोडा! श्रीमंताचं लग्न हे लग्न, आणि वेलफेअरवरच्या बाईचं लग्न ही सरकारच्या तिजोरीला धास्ती! जिला सोबतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच सोबत नाकारायची. हे मी रोज रात्रीच्या जेवणात ऐकवायचे. एकदा ताईने पोळी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "तुझं बरोबर आहे. हा नियम वाईट आहे. तू राग सांभाळ, मी फाइल सांभाळते. दोन्हींची गरज आहे."

संक्रांतीनंतर व्हिटबीला काकूंकडे हळदीकुंकू होतं. मला हळदीकुंकवाबद्दल तात्त्विक आक्षेप आहेत, तिळाच्या वड्यांबद्दल नाहीत, म्हणून मीही गेले. काका म्हणजे ते ग्रुपवरचेच. सत्तरच्या दशकात आलेले, निवृत्त इंजिनिअर. स्वभावाने उदार माणूस. नवीन आलेल्या किती जणांना त्यांनी विमानतळावरून स्वतःच्या गाडीतून आणलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"काय पोरी, नोकरीचं काही जमलं?" त्यांनी विचारलं.

"शोधते आहे काका. सकाळी बेकरीत जाते. आणि ई.आय. घेते."

 कुणीतरी वाणाच्या वाट्या उगाच पुन्हा रचल्या.

"अगं, पण नवऱ्याची फाइल? आणि सरकारचं कशाला—"

"काका, ई.आय.ने फाइलला काही होत नाही. दोनदा विचारलंय. होतं ते वेलफेअरने, आणि ते मी घेतलेलं नाही. आणि सरकारचं म्हणाल तर," ताईने वडी मोडली, "तुम्हाला म्हातारपणाची पेन्शन येते ना? परत पाठवता?"

काकूंनी आतूनच उत्तर दिलं. "परत? एक दिवस उशीर झाला तर मला तीनदा बँकेचं अ‍ॅप उघडायला लावतात!"

सगळा हॉल हसला. काकाही हसले. मग डोकं खाजवत म्हणाले, "ग्रुपवर मी चुकीचं लिहिलं म्हणायचं. तूच लिही गं नीट. माझ्या नावाखाली लिही, म्हणजे लोक वाचतील." त्या वयात भरल्या घरात असं म्हणायला मोठं मन लागतं. मी त्या दिवशी काकांच्याही पाया पडले, आक्षेप बाजूला ठेवून.

निघताना दाराशी बूट घालत होतो, तर एक मुलगी ताईशेजारी येऊन बसली. सातवा महिना असावा. हळूच म्हणाली, "ताई, मीपण ह्यांना स्पॉन्सर केलंय. सासूबाई म्हणाल्या मॅटर्निटीचे पैसे घेऊ नकोस, फाइल जाईल. म्हणून मी ठरवलंय, बाळ झालं की लगेच कामावर जायचं."

ताईने अर्धा घातलेला बूट काढला. त्या बाकावर, ओल्या बुटांच्या रांगेसमोर, तिने तिला सगळं सांगितलं. मॅटर्निटीचे पैसे हा ई.आय.चाच भाग, तो घे. काय घ्यायचं नाही, ते वेगळं. कुठे फोन करायचा. आणि दोनदा करायचा. त्या मुलीने पोटावर हात ठेवला होता आणि ती नुसती मान हलवत होती. आमची बस गेली. पुढची बरीच उशिरा आली.

बर्फ वितळू लागला तेव्हा भाऊजींची फाइल मंजूर झाली. विमानतळावरून येताना भाऊजी खुशीत होते. "आता मीही इथला. मला काय काय देणार मग तुमचं सरकार?" त्यांनी मला डोळा मारत विचारलं.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. "वेलफेअर म्हणत असाल, तर तुम्ही घेतलं की भरपाई माझ्याकडून वसूल होणार. तसं लिहून दिलंय मी. तीन वर्षं तुमचं सरकार मीच."

"बाप्पा!" भाऊजी म्हणाले. "मग निवडणूक कधी?"

"झाली. लग्नात."

आता माझं एक काम करा. तुमच्या ओळखीत अशी एक तरी बाई किंवा पुरुष असेल, ज्याने जोडीदाराला स्पॉन्सर केलंय आणि ज्याची नोकरी गेली आहे किंवा घरात बाळ येणार आहे. ग्रुपवर लिहू नका, फोन करा. ई.आय.चा अर्ज भरलास का, विचारा. सोशल असिस्टन्सच्या अर्जावर सही करण्याआधी स्पॉन्सरच्या अटी वाच, जाणत्या माणसाला विचार, असं सांगा. आणि तुम्ही स्वतः कधी ई.आय. घेतला असेल, तर तेही सांगा. मोठ्याने.