पंपातली उघाडी

भरत जायला हवी ती पिशवी रिकामी होत होती. म्हातारा पोट धरून म्हणाला, "अगं, फुगतंय. थांबव ते." पंप तर आधीच बंद पडला होता. मी बटण दोनदा दाबलं, काही झालं नाही. नळीवरचा चिमटा त्याच्या मांडीखाली गेला होता, तो सापडेना. शेवटी नळी मुडपली आणि मुठीत आवळून धरली. तोवर पोटातून काढलेलं घाण पाणी निम्मं परत पोटात गेलं होतं.

म्हातारा म्हणजे माझा नवरा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. पोटात कायमची नळी बसवली होती. तिच्यातून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग रक्तातली घाण घेतलेलं ते पाणी बाहेर काढायचं. असं दिवसातून चार वेळा. पिशवी वर टांगली की पाणी आत जातं, खाली ठेवली की बाहेर येतं. त्याचा सगळा दिवस खाटेवर जायचा.

आमची मुलगी नवी मुंबईत एका छोट्या कंपनीत पंप तयार करते. अशा आजारी माणसाला कमरेला लावून फिरता यावं, असा मुठीएवढा पंप ती करत होती. शनिवारी घरी यायची, तेच औषधाचं पाणी एका बादलीतून दुसरीत खेळवायची आणि वहीत लिहायची. पंपात रबराच्या दोन झडपा होत्या, पाणी एकाच बाजूला जाऊ देणाऱ्या. बापाला कळावं म्हणून ती त्यांना उघाडी म्हणायची. आमच्याकडे खाडीच्या बांधाला पाण्याचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडते, भरतीला खाडीच्या रेट्याने मिटते. गावची उघाडी म्हाताऱ्याने चाळीस वर्षं सांभाळली.

"बाबांना लावायचा नाही हं," मुलगी दर खेपेला बजावून जायची. "आणि आई, पंपातून साधं पाणी फिरवून ठेव."

एका शनिवारी ती आली नाही. पंप खिडकीत उन्हात पडून होता. म्हातारा मागे लागला.

"लाव मना. ओट्यावर बसतो, चार माणसं तरी दिसतील."

"पोरगी नको म्हणालीय."

"पोरगी मना उघाडी शिकवणार? मी शिकवली तिला."

मी लावला. हात साबणाने धुतले, नळ्या पाकिटातल्या नव्या घेतल्या. पंपातून मात्र साधं पाणी फिरवलंच नव्हतं. आतलं पाणी खारट होतं, मी जिभेला लावून बघितलं होतं. लहानपणापासून मी मिठागरात राबले. मीठ कुजत नाही, त्यात किडा पडत नाही. मिठाला कसलं धुवायचं, असं मला वाटलं.

त्यात म्हाताऱ्याचा शहाणपणा. घाण पाण्याची पिशवी खाली ठेवायची सोडून त्याने ती खिडकीच्या गजाला, डोक्याच्या वर टांगायला लावली. "पंप हाय ना? चढवंल." पंपाने चढवलंही. शेजारीण जाता जाता म्हणाली, "काय मामा, पोटाला मोटार बसवली काय?" तो हसत होता तेवढ्यात बॅटरी संपली.

मी मुलीला फोन केला. झालं ते सांगितलं.

"पिशवी कुठे टांगलीस?"

"गजाला."

"बाबांच्या वर?"

"व्हय, वर."

"आई, साधं पाणी फिरवलं होतंस?"

मी नाही म्हटलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पोटात जंतू गेले तर पाणी गढूळ येतं, हे नर्सने शिकवलं होतं. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. आरपार अक्षर वाचता आलं तर ठीक. मी चौथी शिकलेली, कधी पेपर वाचला नाही. ते दोन दिवस पिशवीतून वाचला. कुणाच्या बंगल्याची जाहिरात, कुणाच्या दुःखद निधनाची बातमी, सगळं वाचलं. म्हातारा विचारायचा, "दिसतंय?" मी म्हणायची, "दिसतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी मोठा मथळाही दिसेना. तरी मी "दिसतंय" म्हटलं आणि रिक्षा बोलवायला गेले. परत आले तर तो तापाने थरथरत होता.

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

मुलगी घरून पंप घेऊन आली आणि तिथेच बाकावर बसून तिने तो उघडला. एका रबरी झडपेच्या कडेखाली राईहून बारीक पांढरा कण होता. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला. काय आहे ते मला सांगावं लागलं नाही.

म्हातारा डोळे मिटून पडला होता. तिने त्याला कण अडकल्याचं सांगितलं.

"पिशवी वर टांगून कधी बघितलीस?" त्याने विचारलं.

"नाही. खालीच ठेवायची."

"म्हणजे ओहोटीलाच बघितलीस. उघाडी भरतीला बघायची असते, येडे."

ती रडली. मी रडले नाही, मला औषधं आणायला जायचं होतं.

पोटातली नळी काढावी लागली. आता तो आठवड्यातून तीन दिवस अलिबागला मशीनवर रक्त साफ करून घेतो. म्हातारा वाचला.